सेवेचा जमाखर्च

सावित्रीबाई फुले म्हटले, की आम्हां विद्यार्थ्यांना १८४८ ची पुण्यातील मुलींची शाळा आठवते. मला मात्र त्यांचे अखेरचे दिवस आठवतात. कारण माझी ताई परिचारिका आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग प्रथम ओळखला तो आपल्या हडफड्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. लवकरच साथ पुण्यात पोचली. सावित्रीबाई तेव्हा पासष्टीच्या. दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी गावाबाहेर माळावर दवाखाना उघडला आणि त्या स्वतः रोगी आणू लागल्या. मुंढव्याचे एक आजारी पोर त्यांनी पाठीवर घेऊन आणले. त्यातच त्यांना प्लेग जडला. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

उंदरांवरच्या पिसवा प्लेग पसरवतात, हे पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवले १८९८ मध्ये. अवघे एक वर्ष उशिरा!

ताई कामावरून मुरगावला घरी आली, की हात धुतल्याखेरीज कशालाही शिवत नाही. मी तिला भित्री म्हणून चिडवीत असे. आता वाणिज्याचा विद्यार्थी या नात्याने हिशेब पुन्हा मांडतो. सावित्रीबाईंजवळ धैर्य होते. ज्ञान तेव्हा जगाजवळच नव्हते. आज ते आहे. ते न वापरणे, हीच खरी तूट.