विश्लेषण : मोबाइलवरच्या नकाशामागचे मर्केटर कोण?

नकाशाच्या टाइल डाउनलोड करून पायथॉनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये दाखवताना नवख्यांची एक चूक हमखास होते. चित्राच्या कडांना थेट अक्षांश-रेखांश दिले जातात. मग अख्ख्या जगाच्या टाइलवर मुंबईचा ठिपका कोकण किनाऱ्याऐवजी ३७ अंश उत्तरेला, पामीरच्या डोंगरांत पडतो! याचे मूळ सोळाव्या शतकात आहे.

जोडे शिवणाऱ्याचा मुलगा

गेरार्डस मर्केटर यांचा जन्म ५ मार्च १५१२ रोजी आजच्या बेल्जियममधील रुपेलमोंडचा. वडील जोडे शिवत. लुव्हेन विद्यापीठात शिक्षण, गणिताचे धडे गेम्मा फ्रिसियस यांच्याकडे. पुढे पृथ्वीगोल, उपकरणे आणि नकाशे बनवणे हीच रोजीरोटी झाली.

१५४४ मध्ये धर्मद्रोहाच्या संशयावरून त्यांना अटक झाली. सुमारे सात महिने ते रुपेलमोंडच्याच किल्ल्यात कैद होते. त्याच धरपकडीतील काहींना देहदंड झाला; मर्केटर यांच्या पाठीशी विद्यापीठ उभे राहिले आणि ते सुटले. १५५२ मध्ये त्यांनी आजच्या जर्मनीतील डुइसबर्ग गाठले.

१५६९ चा नकाशा

तिथेच १८ तावांचा जगाचा नकाशा तयार झाला. अडचण खलाशांची होती. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारे जहाज गोलावर वळणदार वाट कापते. ती कागदावर सरळ रेघ कशी व्हावी? ध्रुवांकडे जाताना रेखांशरेषा एकमेकींजवळ येतात. नकाशावर त्या समांतर काढल्या की पूर्व-पश्चिम अंतर ताणले जाते. मर्केटर यांनी उत्तर-दक्षिण अंतरही तेवढेच ताणले. ६० अंशांवर हा ताण दुप्पट होतो. म्हणूनच ग्रीनलँड आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे १४ पट मोठी आहे. शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशाने अनेकांची फसगत केली ती इथेच.

तेव्हा लॉगॅरिदम नव्हते. अचूक गणिती कोष्टक इंग्लंडच्या एडवर्ड राइट यांनी १५९९ मध्ये छापले, पण ते पाहायला मर्केटर नव्हते. २ डिसेंबर १५९४ रोजी त्यांचे निधन झाले. नकाशांच्या पुस्तकाला त्यांनीच दिलेले ‘अ‍ॅटलास’ हे नाव १५९५ मध्ये मुलाने छापलेल्या ग्रंथामुळे रूढ झाले.

मग टाइलचे काय?

ऑनलाइन नकाशे हाच ताण वापरतात. ध्रुव अनंतावर जात असल्याने नकाशा ८५.०५ अंशांवर कापतात, की जग चौकोनी होते. बहुधा २५६ बाय २५६ पिक्सेलची एक टाइल. दर झूमला तिच्या चार. म्हणून मॅटप्लॉटलिबमध्ये कडा अंशांत न देता मर्केटर मीटरमध्ये द्यायच्या. संपूर्ण जगासाठी उणे ते अधिक २,००,३७,५०८. मुंबईचा ठिपकाही त्याच सूत्राने मीटरमध्ये बदलला, की तो किनाऱ्यावर येतो.