शंभर डॉलरच्या नोटेवरचा बाप

बेंजामिन फ्रँकलिन म्हटलं की आपल्याला आठवतो तो पतंग उडवून विजेचं कोडं सोडवणारा शास्त्रज्ञ. मुलं-सुना अमेरिकेत असलेल्या मैत्रिणींनी त्याला शंभर डॉलरच्या नोटेवरही पाहिलं असेल. मी मात्र नववीच्या मुलांना त्याची ओळख करून देते ती एक बाप म्हणून. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध संपलं म्हणजे कुणाचं नक्की काय झालं, हे या एका घरातून जेवढं कळतं, तेवढं सनावळ्यांतून कळत नाही.

१७०६ साली बोस्टनमध्ये जन्मलेला बेंजामिन मेणबत्त्या-साबण करणाऱ्या बापाचं पंधरावं अपत्य. शाळा जेमतेम दोन वर्षं. सतराव्या वर्षी भावाच्या छापखान्यातून पळून तो फिलाडेल्फियाला आला आणि स्वतःच्या हिमतीवर मुद्रक, लेखक, शास्त्रज्ञ झाला. थोरला मुलगा विल्यम हा लग्नाबाहेरचा. त्याची आई कोण, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. फ्रँकलिनने त्याला घरी आणलं आणि पत्नी डेबोराने वाढवलं. तिच्या मनात काय आलं असेल, ते आपणच ओळखावं! मधला फ्रान्सिस चार वर्षांचा असताना देवीने गेला. १७४३ मध्ये सॅली झाली.

बापलेकाचं मेतकूट असं, की १७५२ च्या पतंगाच्या प्रयोगात मदतीला विल्यमच होता. दोघं बरोबरच लंडनला गेले, तिथे विल्यम वकील झाला आणि १७६३ मध्ये न्यू जर्सीचा गव्हर्नर म्हणून राजाच्या नोकरीत रुजू झाला. फ्रँकलिन पुन्हा लंडनला गेला तो दहा वर्षं परतलाच नाही. १७७४ च्या डिसेंबरात डेबोरा त्याची वाट बघत गेली. तिच्या अंत्यविधीला नवरा नव्हता, विल्यम होता.

पुढच्याच वर्षी युद्धाला तोंड फुटलं. फ्रँकलिन बंडाच्या बाजूला गेला, विल्यम राजाला सोडेना. जून १७७६ मध्ये बंडखोरांनी विल्यमला पकडलं. जुलैत स्वातंत्र्याचा जाहीरनामा आला, त्यावर बापाची सही आहे. १७७७ मध्ये विल्यमची बायको एलिझाबेथ न्यूयॉर्कमध्ये मरणपंथाला लागली. तिला शेवटचं भेटण्याची परवानगी त्याने मागितली, ती मिळाली नाही. ती एकटीच गेली. इकडे सॅली बापाच्या बाजूने राबत होती. १७८० मध्ये फिलाडेल्फियाच्या बायकांनी सैनिकांसाठी दोन हजारांवर सदरे शिवले, त्या कामात ती पुढे होती. प्रत्येक सदऱ्यावर शिवणारीचं नाव होतं.

३ सप्टेंबर १७८३ ला पॅरिसमध्ये तह झाला. त्यावरही फ्रँकलिनची सही. विल्यम वर्षभर आधीच इंग्लंडला निघून गेला होता. त्याच्यासारखे अंदाजे ६० हजार राजनिष्ठ घरदार सोडून कॅनडा, इंग्लंड, वेस्ट इंडीजकडे पांगले. त्यांना भरपाई द्यायला वाटाघाटीत सगळ्यात कडवा विरोध कुणाचा? फ्रँकलिनचा!

इथे मी वर्गाचे चार गट करते : बाप, मुलगा, सॅली आणि चौथं एक काळं कुटुंब. इंग्रजांकडे पळून या, मुक्त व्हाल, असं आश्वासन मिळालेल्या गुलामांपैकी सुमारे तीन हजार जण त्या वर्षी नोव्हा स्कॉशियाला पोचले. प्रत्येक गटाने तहाचा दिवस आपल्या घरातून लिहायचा. तारीख एकच, पण चार वह्यांत चार वेगळे दिवस उतरतात.

विल्यम फितूर होता का, हा प्रश्न दरवर्षी येतोच. शिवकाल शिकलेली आपली मुलं ती! मी एवढंच दाखवते, की विल्यम होता तिथेच राहिला. साम्राज्य टिकावं म्हणून अनेक वर्षं धडपडलेला बापच पुढे बदलला. मग वर्गात जी जुंपते, ती तास संपला तरी थांबत नाही.

१७८४ मध्ये विल्यमने समेटाचं पत्र पाठवलं. पुढच्या वर्षी साउदम्प्टनला भेट झाली, पण ती व्यवहाराची. जुन्या कर्जापोटी बापाने त्याच्या अमेरिकेतल्या जमिनी नातवाच्या, म्हणजे विल्यमच्याच मुलाच्या, नावावर करून घेतल्या. दोघं पुन्हा भेटले नाहीत. मृत्युपत्रात विल्यमला नोव्हा स्कॉशियातली जमीन आणि आधीच त्याच्याकडे असलेली पुस्तकं-कागदपत्रं, बाकी जवळजवळ काही नाही. इस्टेटीचा मोठा वाटा सॅली आणि तिच्या नवऱ्याला.

१७९० मध्ये फ्रँकलिन गेला, तेव्हा फिलाडेल्फियात हजारो माणसं लोटली. शेवटच्या वर्षांत त्याची शुश्रूषा सॅलीनेच केली. विल्यम १८१३ मध्ये लंडनमध्ये गेला. इंग्लंडशी तह करून मोकळा झालेला हा मुत्सद्दी पोटच्या पोराशी मात्र शेवटपर्यंत तह करू शकला नाही. आणि गंमत म्हणजे, चारांतला सगळ्यात अवघड गट कोणता, असं विचारलं की मुली हमखास सॅलीचं नाव घेतात. बाप जिंकला, भाऊ हरला. तिने त्या दिवशी नक्की काय करायचं होतं?