मेलव्हिलचे कागद

ग्रंथकाराचे चरित्र त्याच्या निधनाबरोबर संपते, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकन कादंबरीकार हर्मन मेलव्हिल याच्या बाबतीत तो सपशेल खोटा ठरला. त्याच्या साहित्यिक चरित्राचे एक महत्त्वाचे प्रकरण मृत्यूनंतर २८ वर्षांनी उघडले, आणि ते शक्य झाले घरच्या माणसांनी जपलेल्या कागदांमुळे.

मेलव्हिलचा जन्म १८१९ साली न्यूयॉर्क येथे झाला. वयाच्या बाराव्या वर्षी पितृछत्र हरपले. बँकेत कारकुनी आणि काही काळ शाळेत शिक्षकी करून १८४१ साली तो देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावर खलाशी म्हणून निघाला. दक्षिण सागरातील अनुभवांवर लिहिलेल्या ‘टायपी’ने १८४६ साली त्याला नावलौकिक दिला. मात्र १८५१ मधील ‘मोबी डिक’कडे वाचकांनी पाठ फिरवली, या महाकादंबरीच्या त्याच्या हयातीत ४ हजार प्रतीही खपल्या नाहीत.

अखेर १८६६ साली त्याने न्यूयॉर्क बंदरावर जकात निरीक्षकाची नोकरी पत्करली. रोजचे ४ डॉलर वेतन आणि १९ वर्षांची इमानी चाकरी! पुढच्याच वर्षी थोरला मुलगा गेला, १८८६ साली धाकटा. तरीही लेखणी थांबली नाही. १८८८ आणि १८९१ साली त्याने काढलेल्या दोन काव्यसंग्रहांच्या प्रत्येकी केवळ २५ प्रती छापल्या होत्या.

निवृत्तीनंतर एका खलाशावरील छोट्या कवितेला त्याने गद्य टिपणाची जोड दिली. ते टिपण वाढत वाढत ‘बिली बड’ ही लघुकादंबरी झाली. खोट्या आरोपाने वाचा खुंटलेला निष्पाप खलाशी, त्याच्या एका आघाताने मेलेला अधिकारी आणि कायद्यापुढे सदसद्विवेक बाजूस सारणारा कप्तान, असा हा न्यायाचा पेच आहे. खाडाखोडीने भरलेले हे हस्तलिखित अपुरे ठेवून सप्टेंबर १८९१ मध्ये मेलव्हिल निवर्तला.

पत्नी एलिझाबेथ हिने ते कागद लावण्याचा प्रयत्न केला. पुढे ते नात एलेनॉर मेटकाफ हिच्याकडे आले. १९१९ साली कोलंबिया विद्यापीठातील अध्यापक रेमंड वीव्हर तिच्याकडे गेले, तेव्हा हा ठेवा त्यांच्या हाती लागला आणि १९२४ साली ‘बिली बड’ लंडनमध्ये प्रसिद्ध झाली.

परंतु कागद टिकणे ही निम्मीच लढाई असते. लेखकाने वगळलेली काही पाने वीव्हर यांनी प्रस्तावना म्हणून छापली. त्या पानांवरील शंकावजा नोंद एलिझाबेथच्या हातची होती, हे त्यांच्या ध्यानी आले नाही. हार्वर्डच्या हूटन ग्रंथालयात ठेवलेले हे हस्तलिखित हेफर्ड आणि सील्ट्स या संशोधकांनी पानापानाने तपासले आणि १९६२ साली शुद्ध पाठ सिद्ध केला. दरम्यान सुमारे ३८ वर्षे वाचक लेखकाने टाकून दिलेला मजकूर त्याचीच प्रस्तावना समजून वाचत राहिले.

जतन करणारा हात आणि शंका घेणारी दृष्टी, या दोहोंवाचून कागदांना वाचा फुटत नाही. हस्तलिखितांच्या संग्रहांवर होणारा खर्च ज्यांना चैन वाटतो, त्यांनी एवढे ध्यानी घ्यावे की, एलिझाबेथने ती पाने रद्दीत टाकली असती, तर जगाला आपण काय गमावले याची जाणीवही झाली नसती.