इस्त्रीतला 'टक्' आवाज आणि जॉन हॅरिसन

धरमपेठेतल्या कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात इस्त्रीचा थर्मोस्टॅट मागा. त्यात एक चपटी पट्टी दिसेल. दिसायला एकच, पण असते दोन धातूंची! तिला म्हणतात बायमेटल, आणि तिचं श्रेय जातं जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाकडे.

हॅरिसनचा जन्म 1693 चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. घड्याळं बनवायला तो स्वतःच शिकला. तेव्हा समुद्रात जहाजाचा रेखांश कळत नसे, त्यामुळे जहाजं खडकांवर आपटत. 1714 मध्ये ब्रिटिश संसदेने यावरच्या उपायासाठी 20,000 पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं. उपाय म्हणजे अचूक घड्याळ. कारण वेळेतला 4 मिनिटांचा फरक म्हणजे 1 अंश रेखांश.

अडचण होती तापमानाची. उष्णतेने स्प्रिंग सैल पडते आणि घड्याळ मागे पडतं. हॅरिसनने पितळ आणि पोलादाच्या पट्ट्या रिव्हेट मारून जोडल्या. पितळ जास्त प्रसरण पावतं, म्हणून तापली की पट्टी पोलादाच्या बाजूला वाकते. या वाकण्यानेच त्याने स्प्रिंगची चूक भरून काढली. ज्या घड्याळात ही पट्टी आली, त्या एच-3 वर त्याची तब्बल 19 वर्षं गेली.

शेवटी जिंकलं ते पुढचं, छोटं एच-4. 1761 मध्ये ते जमैकाला निघालं आणि पोहोचेपर्यंत फक्त 5 सेकंद मागे पडलं. तरी बोर्डाचा विश्वास बसेना. 1765 मध्ये अर्धी रक्कम मिळाली. उरलेल्यासाठी भांडता भांडता हॅरिसन ऐंशीचा झाला. 1773 मध्ये संसदेने 8,750 पौंड दिले, पण अधिकृत बक्षीस कधीच नाही. 1776 मध्ये तो वारला.

आज रिव्हेट लागत नाहीत. दोन्ही पत्रे घासून स्वच्छ करतात आणि न तापवता रोलरमधून जबरदस्त दाबाने काढतात. जाडी निम्म्याच्या आसपास येते, वरचा ऑक्साइडचा थर तडकतो आणि भेगांमधून आलेले ताजे धातू एकमेकांना चिकटतात. मग भट्टीत तापवलं की अणू एकमेकांत शिरतात, जोड पक्का होतो आणि रोलिंगमुळे आलेला ताणही निघतो.

इस्त्री पुरेशी तापली की हीच पट्टी वाकून वीज तोडते. तोच तो 'टक्'. घरच्या एमसीबीमध्येही ओव्हरलोड झाला की अशीच पट्टी वाकते आणि वायरिंग जळण्यापासून वाचतं.