बडोद्यात न मिळालेली खोली

परगावी नोकरी लागली म्हणजे पहिली रात्र कोठे काढावी, ही चिंता पुष्कळांना पडत नाही. कोणाचा मामा तेथे असतो, कोणाचा गाववाला असतो, कोणाच्या जातीचे वसतिगृह असते. अशा ओळखी जन्माबरोबर आयत्या मिळतात. म्हणून त्यांचे मोल कळत नाही. ते मोल डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांना बडोद्यात कळले.

भीमरावांचा जन्म १८९१ साली महू येथे झाला. वडील रामजी लष्करात सुभेदार होते. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. पुढच्या शिक्षणाला पैसा नव्हता, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली व १९१२ साली भीमराव बी. ए. झाले. १९१३ साली महाराजांनीच त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. एका सज्जनाच्या ओळखीने केवढे दार उघडले!

करारानुसार १९१७ साली ते नोकरीसाठी बडोद्यास आले. पण दरबारच्या या विद्वान अधिकाऱ्याला हिंदू खाणावळीत थारा नव्हता. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहाबारा पारशी वर आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद देऊन गेले.

शहरात त्यांचे दोन मित्र होते, एक हिंदू व एक ख्रिस्ती. तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील, असे हिंदू मित्राने सांगितले. ख्रिस्ती मित्राने पत्नीला विचारावे लागेल, असे सांगितले. ती दुसऱ्या दिवशी यावयाची होती. हे जोडपे मूळचे ब्राह्मण. पती उदार झाला होता, पण पत्नीचे सोवळे सुटले नव्हते, असे बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे. दुपारचे चार वाजले होते. उरलेला वेळ कमाठी बागेत काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले.

भीमरावांना ओळखी नव्हत्या असे नाही. महाराजांपर्यंत त्यांची ओळख होती. परंतु ज्या ओळखीने कोलंबियापर्यंत पोहोचविले, तिने बडोद्यात एक खोली मिळवून दिली नाही. इतरांना जे नात्यागोत्यात सहज मिळते, ते त्यांना मागूनही मिळाले नाही.

म्हणूनच पुढे त्यांनी संस्था उभारल्या. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली व १९२५ साली तिने सोलापुरास विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. ज्यांना शहरात मामा नाही, त्यांच्यासाठी हे आश्रय होते. १९५६ साली त्यांचे देहावसान झाले.

या हकिकतीत आम्हांस सर्वांत अधिक बोचते ते ख्रिस्ती घर. बाप्तिस्मा झाला, पण उंबरठा जुनाच राहिला. आजही आमच्या मंडळ्यांत नोकरीची बातमी, शाळाप्रवेशाची शिफारस, शहरातील खोली ठरावीक घरांतच फिरते. मागच्या बाकावर बसणाऱ्याच्या कानी ती जातच नाही. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी ही हकिकत मोठ्या वर्गाला अवश्य सांगावी, आणि ख्रिस्ती मित्राचा भाग गाळू नये.