पाद्री लमेत्र आणि विश्वाचा आरंभ

विश्व केव्हां व कसें उत्पन्न झालें ह्या प्रश्नावर धर्माभिमानी व शास्त्राभिमानी यांच्यांत जो जुना दावा चालला आहे, त्यांत दोन्ही पक्ष एकाच साक्षीदारास वारंवार पुकारतात. हा साक्षीदार म्हणजे बेल्जमचे पाद्री जॉर्ज लमेत्र. महास्फोटाच्या सिद्धांताचा जनक धर्मगुरु होता एवढें सांगून एक पक्ष आपला दावा शाबीत झाला असें समजतो. तर तो धर्मगुरु होता एवढ्यावरूनच दुसऱ्या पक्षांतील कित्येकांस त्याच्या गणिताचा संशय आला. साक्षीदाराची जबानी काय होती, हें मात्र फारसें कोणी पाहत नाहीं. म्हणून त्यांचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

लमेत्र यांचा जन्म १८९४ सालीं शार्लरॉय येथें झाला. ते इंजिनियरिंग शिकत असतां १९१४ सालीं जर्मन फौजा त्यांच्या देशांत शिरल्या. त्यांनीं पुस्तकें बाजूस ठेवून सैन्यांत नांव घातलें व महायुद्ध संपेपर्यंत शत्रूशीं सामना केला. युद्धानंतर १९२० सालीं गणितांत डॉक्टर झाले आणि १९२३ सालीं त्यांनीं धर्मदीक्षा घेतली. त्याच वर्षीं ते केंब्रिजला एडिंग्टन यांच्या हाताखालीं शिकावयास गेले. ह्या दोन मार्गांत विरोध आहे असें त्यांस कधींहि वाटलें नाहीं.

१९२७ सालीं त्यांनीं ब्रुसेल्सच्या एका शास्त्रीय नियतकालिकांत फ्रेंच भाषेंत निबंध लिहिला. विश्व स्थिर नसून प्रसरण पावत आहे, आणि दीर्घिका जितकी दूर तितक्या अधिक वेगानें ती आपणांपासून दूर जाते, असें त्यांनीं त्यांत प्रतिपादिलें. तसलें गणित रशियांतील फ्रीडमन यांनीं १९२२ सालीं मांडिलें होतें. प्रत्यक्ष वेधांशीं त्याची सांगड घालण्याचें श्रेय लमेत्र यांचें. आइन्स्टाइन यांनीं गणित निर्दोष ठरविलें, पण निष्कर्ष मानिला नाहीं. पुढें १९२९ सालीं हबल यांचे वेध प्रसिद्ध झाले आणि नियमास त्यांचेंच नांव पडलें. लमेत्र यांचें नांव त्यास जोडावें अशी शिफारस जगांतील ज्योतिषशास्त्रज्ञांच्या संघानें केली ती २०१८ सालीं! न्यायास विलंब लागतो, हें केवळ आमच्या कोर्टांतच घडतें असें नाहीं.

विश्व प्रसरत असेल तर पूर्वीं तें आंखुडलेलें असलें पाहिजे. ह्या विचारानें १९३१ सालीं ‘नेचर’ पत्रांत त्यांनीं एक लहानसें टिपण दिलें व सर्व विश्व एका आद्य अणूपासून निघालें असावें, अशी कल्पना मांडिली. त्या टिपणाच्या मूळ खर्ड्याच्या शेवटीं ईश्वराचा उल्लेख असलेला मजकूर होता. छापण्यापूर्वीं तो त्यांनीं खोडून टाकिला. श्रद्धा ढळली म्हणून नव्हे. भौतिकशास्त्राच्या कागदांत तो पुरावा अप्रस्तुत होता म्हणून.

पण खरी कसोटी १९५१ सालीं आली. त्या वर्षीं नोव्हेंबरांत रोम येथें पोप बारावे पायस यांनीं भाषण करून, नव्या शास्त्रानें सृष्टीच्या निर्मितीस दुजोरा दिला, असें सुचविलें. प्रत्येक नव्या शोधाचें मूळ आपल्या पोथींत दाखविणारे पंडित आमच्याकडेहि उणे नाहींत. असल्या प्रसंगीं टाळ्या पिटणें किती सोपें असतें, हें वाचक जाणतातच. लमेत्र तर पोपच्याच शास्त्रमंडळाचे सभासद. पण आपला सिद्धांत हें अनुमान आहे, त्यास ईश्वर आहे वा नाहीं ह्याचा निकाल देण्याचा अधिकार नाहीं, आणि आस्तिक व नास्तिक दोघांसहि तो सारखाच खुला आहे, असें त्यांचें मत होतें. ईश्वराचें अस्तित्व आजच्या अनुमानावर टेकविलें आणि उद्यां तें अनुमानच फिरलें, तर काय करावें? त्यांनीं पोपच्या वेधशाळेचे ओकॉनेल यांच्यासह ही अडचण वरिष्ठांच्या कानांवर घातली. १९५२ च्या सप्टेंबरांत पोपनीं ज्योतिषशास्त्रज्ञांपुढें पुन्हां भाषण केलें. त्यांत तो दावा नव्हता. आपल्या बाजूचा म्हणून पुढें केलेला पुरावा ग्राह्य नाहीं असें आपल्याच धर्माध्यक्षास कळविणारे किती निघतील?

प्रतिपक्षहि बलवान् होता. इंग्रज ज्योतिषी हॉइल यांनीं १९४९ सालीं रेडिओवर ह्या मतास ‘बिग बँग’ हें नांव दिलें तें तें अमान्य करतांना. विश्वास आदि नाहीं, हा त्यांचा पक्ष. त्यांचेच शिष्य, कोल्हापुरांत जन्मलेले जयंत नारळीकर, यांनींहि हा विरोध २०२५ सालीं निधन होईपर्यंत सोडला नाहीं. अशा वादांतूनच शास्त्र पुढें सरकतें. लमेत्र यांचेंहि सर्वच खरें ठरलें नाहीं. विश्वकिरण हे आद्य अणूचे अवशेष, हें त्यांचें अनुमान चुकलें. खरे अवशेष निराळेच निघाले: अमेरिकेंतील टेलिफोन कंपनीच्या दोघां संशोधकांस १९६४-६५ सालीं आकाशाच्या सर्व दिशांनीं येणारा मंद किरणोत्सर्ग सांपडला. लमेत्र तेव्हां आजारी होते. एका जुन्या सहकाऱ्यानें ही वार्ता त्यांस नेऊन सांगितली. १९६६ च्या २० जून रोजीं लूवेन येथें त्यांचा अंत झाला.