रुझवेल्ट यांचा रक्तदाब

पोलिओमुळे अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांचे पाय अधू झाले होते, हे जगाला ठाऊक होते. त्यांचा रक्तदाब मात्र पडद्याआड राहिला. मार्च १९४४ मध्ये नौदलाचे हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी त्यांना तपासले, तेव्हा दाब १८६/१०८ होता. हृदय मोठे झाले होते, फुप्फुसांत पाणी साठू लागले होते. आपल्याला नेमके काय झाले आहे, हे रुझवेल्ट यांनी विचारलेही नाही.

त्या काळी उपचार मोजकेच होते. काही डॉक्टर थायोसायनेट देत. त्याने दाब उतरे. पण औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत फारसे अंतर नसे. रुझवेल्ट यांना डिजिटॅलिस, विश्रांती, कमी सिगारेटी आणि कमी मिठाचे जेवण सांगितले गेले. मिठातले सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते, त्याचा भार हृदयावर पडतो. पंधरवड्यात फुप्फुसे मोकळी झाली, दाब मात्र हटला नाही. तशातच ते चौथ्यांदा निवडून आले, याल्टाच्या परिषदेलाही गेले.

१२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. वय अवघे ६३. शेवटच्या तासांत दाब ३००/१९० वर गेला होता.

सोडियम लघवीवाटे बाहेर टाकणारी क्लोरोथायझाइडची गोळी १९५० च्या दशकाच्या अखेरीस आली. आज अशी औषधे स्वस्तात मिळतात. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ आणि वेळच्या वेळी दाब मोजणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.